विंडोलँडाच्या मातीतली मोड (आणि शेवटचं नाणं)

टाइनकाठची

नमस्कार मंडळी. बरेच महिने नुसतीच वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

यंदा जूनमध्ये दोन आठवडे रजा टाकून विंडोलँडाला खणायला गेले होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हे इंग्लंडच्या उत्तरेला न्यूकॅसलच्या पश्चिमेला, हेड्रियन या रोमन राजाच्या सरहद्दीच्या भिंतीपासून दीडेक किलोमीटर दक्षिणेला असलेलं रोमन ठाणं. गंमत म्हणजे ठाणं भिंतीच्या आधीचं आहे, साधारण इ. स. ८५ चं, आणि भिंतीचं काम सुरू झालं १२२ मध्ये. आधी लाकडी किल्ले, एक पाडायचा, वर माती-गवताचा थर टाकायचा आणि त्यावर दुसरा उभा करायचा, मग नंतर दगडी, असे एकावर एक निदान नऊ किल्ले आहेत तिथं. त्या खालच्या थरांत हवाच पोचली नाही म्हणून चामड्याचे हजारो जोडे आणि शाईनं लिहिलेल्या लाकडी पातळ पट्ट्या टिकल्यात, त्या पट्ट्यांबद्दल बहुतेकांनी वाचलं असेलच.

किल्ल्याच्या दरवाज्याबाहेर एक वस्ती आहे, लॅटिनमध्ये व्हिकस म्हणतात. दुकानं, दारूचे गुत्ते, सैनिकांची बायकापोरं, लोहार. मला तर सरळ गडाखालची पेठच आठवली. आम्ही तिथंच खणत होतो.

चौथ्या दिवशी माझ्या ट्रॉवेलखाली एक हिरवट काहीतरी आलं, करंगळीच्या नखापेक्षा जरा मोठं. मला वाटलं बटण. सवयीनं अंगठ्यानं पुसायला गेले तर मागून जोरात ओरडल्या आमच्या खंदकप्रमुख बाई, "पुसू नको!!" मग ते होतं तसं छोट्या पिशवीत, वर थराचा नंबर, नेमकी जागा मोजून लिहिली, आणि पिशवी डब्यात. संपलं. माझे हात थरथरत होते आणि बाकीचे चहाला निघाले होते 😄

नाणंच होतं. बाईंनी नुसतं कडेनं बघून सांगितलं की तिसऱ्या शतकातलं दिसतंय, राजाच्या डोक्यावर काटेकाटे असलेला मुकुट असतो ना त्यातलं. मी विचारलं कुठला राजा, तर म्हणाल्या "ते लॅबमध्ये कळेल, पण कुठल्या थरात आहे ते जास्त महत्त्वाचं, या वस्तीतली शेवटची नाणी साधारण हीच". शेवटची म्हणजे? तर म्हणे बाहेरच्या या पेठेत इ. स. २७० च्या आसपास नाण्यांची रांग संपते, म्हणजे वस्तीच उठली. पण आतल्या किल्ल्यात मात्र पुढं शंभरेक वर्षं नाणी मिळत राहतात.

हे मला काही केल्या पचत नाहीये. नाणी सापडत नाहीत म्हणजे माणसं नव्हती हे कसं काय ठरवतात? इथं नाण्यांतले जाणकार आहेत म्हणून विचारतेय. आणि दुसरी शंका, २०१४ मध्ये तिथं नीरोचं सोन्याचं नाणं सापडलं, इतक्या वर्षांच्या उत्खननातलं पहिलंच सोन्याचं. नाणं आहे ६४-६५ सालचं, पण मिळालं चौथ्या शतकाच्या थरात. तीनशे वर्षं ते कुठं फिरत होतं? सैनिकाचा सहा महिन्यांचा पगार होता म्हणे तो.


घाटमाथा

वा! पहिलाच धागा आणि थेट खंदकातून. फोटो टाका की. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.


टाइनकाठची

@घाटमाथा, धन्यवाद. फोटो चढतच नाहीयेत, साइज जास्त सांगतंय. तसंही हिरव्या ढेकळाचा फोटो आहे, मसुराच्या डाळीला बुरशी आल्यासारखा 😁


खुर्दा

टाइनकाठची ताई, उत्तम विषय. मोबाइलवरून टाइप करतोय, लांबलं तर माफ करा.

आधी दुसरी शंका, ती सोपी आहे. नाणं थरात मिळालं तर ते फक्त एवढंच सांगतं की थर त्या नाण्याच्या आधीचा असू शकत नाही. बस. नंतरचा कितीही असू शकतो. आपल्याकडची शिवराई घ्या. लहानपणी आजोळी पावसाळा सरला की नांगरटीत शिवराया मिळायच्या आणि आजोबा मोठ्या अभिमानानं सांगायचे की महाराजांच्या काळातली आहे. आता कळतं की त्यातल्या बहुतेक पेशवाईतल्या, दुदांडी शिवराया वगैरे, नाव तेच ठेवून पुढंही पाडल्या गेल्या आणि एकोणिसाव्या शतकातही बाजारात चालत होत्या. तेव्हा शिवराई मिळाली म्हणून ते घर शिवकालीन होत नाही, इंग्रजी अमलातलंही असू शकतं.

रोमन जगात याचं सगळ्यात भारी उदाहरण म्हणजे मार्क अँटनी या सेनापतीचे डिनारियस, म्हणजे चांदीची नाणी. इ. स. पू. ३२-३१ मध्ये ऑक्टेव्हियनशी (पुढचा ऑगस्टस) शेवटची लढाई लढताना त्यानं सैन्याला वाटायला पाडलेले, वर जहाज आणि लीजनचा, म्हणजे मोठ्या रोमन पलटणीचा, नंबर. चांदीत भेसळ होती, म्हणून कुणी साठवले नाहीत की वितळवले नाहीत, चांगली चांदीची नाणी लोकांनी घरात दाबली आणि ही फिरत राहिली. ब्रिटनमध्ये दोनशे-सव्वादोनशे वर्षांनंतरच्या मालात ती गुळगुळीत होऊन मिळतात. खोटं नाणं खऱ्याला बाजारातून हाकलतं ते असं.

सोन्याचं मात्र उलटं. नीरोनं ६४ साली सोन्याच्या नाण्याचं वजन उतरवलं, आधी एका पौंडात ४० पाडायचे ते ४५ केले, तरी नंतरच्या काळाच्या मानानं ते चांगलंच भारी. चौथ्या शतकात ते बाजारात चलन म्हणून फिरत असेल असं मला वाटत नाही. कुणाच्या तरी गाठोड्यात, आजीच्या पुतळीसारखं, पिढ्यान्‌पिढ्या वजनाचं सोनं म्हणून राहिलं असणार. हा माझा अंदाज हां, पुरावा नाही.

पहिली शंका अवघड आहे, जेवून येतो.


हिशेबनीस

सहा महिन्यांचा पगार हा आकडा मीही वाचला होता तेव्हाच खटकला होता. सरळ हिशेब करू. एक ऑरियस, म्हणजे ते सोन्याचं नाणं, म्हणजे २५ डिनारियस. लीजनच्या साध्या पायदळ शिपायाला डोमिशियन राजाच्या आधी वर्षाला २२५ डिनारियस, त्यानं ८०च्या दशकात वाढवून ३०० केले. ३०० भागिले २५ बरोबर १२. म्हणजे महिन्याला एक सोन्याचं नाणं, पगार कागदावर तरी. सहा महिने कुठून आले?

आता विंडोलँडाला लीजन नव्हती, बटाव्हियन आणि टुंग्रियन लोकांच्या मदतनीस पलटणी होत्या, त्यांचा पगार नेमका किती यावर विद्वानांत भांडणं आहेत, पण कितीही कमी धरला तरी अर्धं वर्ष होणं कठीण. हां, त्यातून जेवण, जोडे, कपडे यांची कपात व्हायची, हातात उरलेल्या पैशातून साठवायचं म्हटलं तर सहा महिने लागतीलही. आमच्या बँकेतल्या शिपायाला सोसायटीचं कर्ज वजा जाऊन हातात यायचं तसं.


टाइनकाठची

@हिशेबनीस काका, बरं झालं सांगितलंत, मी तोच आकडा ऑफिसात सगळ्यांना सांगत फिरत होते 🤦


खुर्दा

आलो. आता पहिली शंका.

नाणी न मिळणं हा पुरावा होतो, पण अट एकच, त्या काळातली नाणी आजूबाजूला सगळीकडे मुबलक मिळायला हवीत. ब्रिटनमध्ये साधारण ३३० ते ३४८ या काळातली तांब्याची बारकी नाणी सगळीकडे पडलेली असतात, कॉन्स्टंटाइन आणि त्याच्या मुलांची, मागच्या बाजूला दोन शिपाई आणि मध्ये निशाण, किंवा लांडगीचं दूध पिणारी जुळी पोरं. शेतं, गावं, किल्ले, कुठंही खणा, ती मिळतात. मग किल्ल्याच्या आत ती आहेत, आणि दरवाज्यातून बाहेर पन्नास पावलांवर पेठेत नाहीत, तर त्याचा अर्थ काहीतरी आहेच ना. तुमच्या खंदकप्रमुख बाई तेच सांगत होत्या.


शंकासुर

नेहमीप्रमाणे मी विरुद्ध बाजूनं 🙂

समजा पेठ उठली नाही. समजा लोक राहिले पण पैसाच आटला, सैनिकांना पगार धान्यात-कपड्यात मिळायला लागला. मग पेठेत नाणी पडणारच कशाला? माणसं आहेत, नाणी नाहीत. शंभर वर्षांनी कुणी आपलं घर खणलं तर २०१६ नंतर सुटे पैसे कमी होत गेलेले दिसतील आणि ते म्हणतील की पुण्यातली माणसं युपीआय आल्यावर गाव सोडून गेली.


घाटमाथा

हाहाहा युपीआय 😂 हे जबरी होतं


र्‍हाईनवासी

शंकासुर यांचा मुद्दा मस्त आहे पण आमच्या इकडचं एक उदाहरण देतो. जर्मनीत ओस्नाब्रुकजवळ काल्करीसला १९८७ मध्ये एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याला डिटेक्टरनं चांदीची नाणी आणि गोफणीच्या शिशाच्या गोळ्या मिळाल्या. पुढं उत्खनन झालं आणि आता बहुतेक लोक मानतात की इ. स. ९ मध्ये रोमन सेनापती व्हारसच्या तीन लीजन जिथं कापल्या गेल्या ती हीच जागा. हे ठरलं कशावरून, तर मुख्यतः नाण्यांवरून. एकही नाणं ९ सालानंतरचं नाही. आणि तांब्याच्या काही नाण्यांवर VAR असा ठप्पा, म्हणजे व्हारसनं स्वतः सैनिकांना वाटलेली. तो जर्मनीत आला ७ साली, त्यामुळं ती नाणी त्याच्या आधी तिथं पडूच शकत नाहीत.

आणि अजून एक. सरहद्दीवरच्या त्या काळातल्या छावण्यांत तांब्याची नाणी अर्धी कापलेली मिळतात, छिन्नीनं सरळ दोन तुकडे. राजाचं डोकं मधोमध. सुटे पैसे कमी पडायचे म्हणून. मी पहिल्यांदा म्युझियममध्ये बघितली तेव्हा वाटलं फुटलीयेत, मग गाइडनं सांगितलं की मोड हवी होती. तेव्हा लहान नाण्यांचा तुटवडा होता हे तरी नाण्यांवरूनच कळतं 😀


शंकासुर

@र्‍हाईनवासी, काल्करीसवर पण वाद आहेच. १५ साली रोमन सेनापती जर्मॅनिकसचं सैन्य त्याच भागात फिरत होतं, त्यांच्या खिशातही ९ सालाआधीचीच नाणी असू शकत होती. शेवटचं नाणं सांगतं की सहा वर्षांत नवं काही पडलं नाही, एवढंच. सहा वर्षांचा फरक नाण्यांवरून काढणं म्हणजे शेणावरून गाय ओळखणं.


र्‍हाईनवासी

शेणावरून गाय ओळखणारे माझे आजोबा होते साहेब, तेव्हा उदाहरण जपून द्या 😄 पण हो, ज्यांना जर्मॅनिकस वाटतो त्यांचा मुद्दा हाच आहे. मला स्वतःला VAR च्या ठप्प्यामुळं व्हारस पटतो.


हिशेबनीस

शंकासुर यांनी म्हटलेला पैसा आटण्याचा मुद्दा सुरुवातीच्या काळात तरी त्या ठाण्यावर लागू नाही हे मात्र खुद्द विंडोलँडाच्या पट्ट्यांतूनच दिसतं. तिथं रोखीवरच सगळं चालायचं. ऑक्टेव्हियस नावाचा एक व्यापारी किंवा कंत्राटदार आपल्या माणसाला लिहितो की मी पाच हजार मोडी (रोमन माप) धान्य घेतलंय, लवकर पैसे पाठव, निदान पाचशे डिनारियस, नाहीतर आधी दिलेले तीनशे इसार बुडतील आणि माझी इज्जत जाईल. त्याच पत्रात म्हणतो की कॅटेरिक गावी कातडी पडून आहेत, मी आणली असती पण रस्ते वाईट आहेत. चाळीस वर्षं बँकेत काढली, असली पत्रं मी स्वतः फायलीत लावलीत. कर्जदाराची भाषा दोन हजार वर्षांत तसूभर बदलली नाही.


टाइनकाठची

हो हो, ती पट्टी तिथल्या म्युझियममध्ये त्याच्या मजकुरासकट लावलीये. ते रस्ते वाईट आहेत वाचून मला आपला पुणे-नगर रस्ता आठवला होता 😂


मालवणी_मसाला

पट्ट्यांचा विषय निघालाच आहे तर माझी आवडती सांगते, आणि ती नाण्यांशी जोडलेली आहे, अवांतर नाही. एका यादीत सैनिकांची नावं आणि त्यांच्याकडून येणं असलेले पैसे आहेत, कुणाला अंगपुसणं, कुणाला चरबी, आणि टापोचा मुलगा गांबाक्स याच्या नावापुढं मिरी, दोन डिनारियस. मिरी!! काळी मिरी तेव्हा मलबारातूनच जायची, मुझिरिस बंदरात जहाजं लागायची. म्हणजे केरळातली मिरी लाल समुद्र, अलेक्झांड्रिया, रोम, गॉल (आजचा फ्रान्स) करत त्या चिखलातल्या किल्ल्यापर्यंत गेली आणि गांबाक्सनं ती उधारीवर घेतली.

रोमन लेखक प्लिनी सांगतो की रोममध्ये काळी मिरी चार डिनारियसला पौंड. त्या भावानं दोन डिनारियसची अर्धा पौंड, म्हणजे दीडशे-पावणेदोनशे ग्रॅम. उत्तर इंग्लंडमध्ये भाव जास्तच असणार म्हणजे कमीच मिळाली असेल. आमच्या घरात महिन्याला एवढी लागते. आणि हाच प्लिनी रडत होता की भारत दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स आपल्याकडून खेचून घेतो. तर गांबाक्सचे दोन डिनारियस त्या पाच कोटींत धरायला हरकत नाही.


हिशेबनीस

पाच कोटी सेस्टर्स म्हणजे सव्वा कोटी डिनारियस, चार सेस्टर्सचा एक डिनारियस. गांबाक्सचा वाटा आठ सेस्टर्स. नोंद घेतली 🙂


घाटमाथा

उधारीवर मिरी 😂😂 आणि त्या मिरीचं केलं काय असेल त्यानं? तिथं बिअर पिऊन डुकराचं मांस खात होते ना सगळे


टाइनकाठची

बिअर तर होतीच. मास्क्लस नावाचा एक घोडदळातला अधिकारी लिहितो की माझ्या साथीदारांकडे बिअर नाही, कृपा करून पाठवायला सांगा. हे पत्र तिथं लोक फार हसत वाचतात.


गोदाकाठ

इकडं नाशकातली एक भर घालतो. ठसा उमटवायचा विषय निघाला म्हणून. आमच्याकडे १९०६ मध्ये जोगळटेंभीला तेरा हजारांवर चांदीची नाणी एकत्र मिळाली, क्षहरात राजा नहपानाची, आणि त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा परत मारलेला. त्या एका ढिगानं क्षहरात आणि सातवाहन यांच्यात कोण कुणानंतर आला हा प्रश्न सुटला. आणि पांडवलेण्यांत नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे त्यात सत्तर हजार कार्षापणांचे (चांदीची नाणी) दोन हजार सुवर्ण (सोन्याची नाणी) असा हिशेब लिहिलाय, पस्तीसाला एक. नहपानाचं सरहद्दीचंच राज्य म्हणा, त्यामुळं हा धागा वाचताना फारच ओळखीचं वाटलं.

माझा प्रश्न असा की ढीग जास्त सांगतो का असं एकेकटं पडलेलं नाणं?


खुर्दा

@गोदाकाठ, जोगळटेंभी आणल्याबद्दल आभार, मी आणणारच होतो.

ढीग आणि सुटं नाणं या दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. ढीग म्हणजे कुणीतरी मुद्दाम ठेवला आणि परत नेता आला नाही. भिंतीजवळच कॉर्ब्रिजला १९११ मध्ये काशाच्या चंबूत १६० सोन्याची नाणी मिळाली, नीरोपासून मार्कस ऑरेलियसपर्यंतची, शेवटची १६० सालच्या आसपासची. वर तोंडाशी दोन तांब्याची नाणी, आत सोनं. चंबू उघडणाऱ्याला फक्त तांबं दिसावं म्हणून ठेवली असावीत असं म्हणतात. कुणाची तरी आयुष्याची कमाई, पण त्यावरून कॉर्ब्रिजच्या बाजारात रोज काय चालायचं ते काही कळत नाही, कारण सोन्यानं कुणी भाजी घेत नाही.

सुटं नाणं म्हणजे निष्काळजीपणा. पडलं, आणि शोधायला वाकावं असं वाटलं नाही म्हणून राहिलं. म्हणून मातीत मिळणारं सुटं नाणं जवळजवळ नेहमी स्वस्त असतं. ऑरियस पडला तर माणूस दिवसभर गुडघ्यावर बसून शोधेल, चार आण्याला कोण शोधतो. त्यामुळं ते २०१४ चं सोन्याचं मिळालं हे नवलच, कुणीतरी फार हळहळलं असणार.

मधलाही एक प्रकार आहे. कॅरोबर्गच्या किल्ल्याजवळ कोव्हेंटिना देवीची विहीर, १८७६ मध्ये जॉन क्लेटननं उपसली, तेरा हजारांवर नाणी. (तेराच हजार, जोगळटेंभीसारखीच, योगायोग.) पण त्यात सोन्याची फक्त चार, बाकी बहुतेक तांब्याची. तीनशेच्या वर तर एकाच छापाची, अँटोनायनस पायस राजाची, मागं उदास बसलेली ब्रिटानिया, म्हणजे बाईच्या रूपातलं ब्रिटन. नवस बोलताना माणूस खिशात काय आहे ते बघून स्वस्तातलं टाकतो, पंढरपूरच्या पुलावरून चंद्रभागेत टाकतात तसं.


शंकासुर

विहिरीतलं मान्य. पण माझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर अजून आलं नाही. २७० नंतर पेठेत पैसा आटला की माणसं गेली?


खुर्दा

तेच सांगायला बसलोय, थांबा जरा. २७० च्या आसपास पैसा आटला नव्हता, उलट पैशांचा पूर आला होता, फक्त कचऱ्याचा. काराकाला राजानं २१५ मध्ये ते काट्यांच्या मुकुटाचं नवं नाणं काढलं, दोन डिनारियसच्या किमतीचं म्हणून, पण चांदी होती दीड डिनारियसएवढीच. पुढं प्रत्येक राजानं त्यात तांबं वाढवलं, २७० पर्यंत शेकडा दोन-तीन टक्के चांदी उरली, नाणं म्हणजे तांब्याला चांदीचा नुसता वास. त्यातून ब्रिटन तेव्हा रोमच्या हातातच नव्हतं, २६० ते २७४ गॉलचं वेगळं साम्राज्य होतं, व्हिक्टोरिनस, टेट्रिकस वगैरे राजे. २७४ मध्ये रोमच्या ऑरेलियन राजानं ते परत घेतलं, नाणी सुधारली, पण नवी नाणी ब्रिटनला पुरेशी आलीच नाहीत. मग लोकांनी काय केलं? टेट्रिकसच्या नाण्यांच्या नकला गावोगाव पाडल्या. बारक्या, वेड्यावाकड्या, चेहरा म्हणजे दोन रेघा आणि मुकुट म्हणजे कंगवा. त्या लाखांनी मिळतात.

म्हणजे बघा शंकासुर, मोड हवी असेल तर लोक स्वतः पाडून घेत होते. तरीही पेठेतली रांग तिथंच थांबते, आणि ३३० नंतरचा जो पूर किल्ल्यात येतो तो पेठेत येत नाही. पैसा आटला असता तर किल्ल्यातही आटला असता, दोन्हींत भिंत आहे फक्त एक.


शंकासुर

हम्म. किल्ल्यात चालू आणि बाहेर बंद, हे पटतंय. अर्धं पटलं. उरलेलं अर्धं असं की पेठेतली माणसं गेली कुठं? कदाचित फार लांब नाही, आत किल्ल्यातच राहायला गेली असतील. पलटणी बारीक झाल्या होत्या, आत जागा होती, बायकापोरांना आत घेतलं. मग पेठ उठली असं न म्हणता पेठ आत सरकली असं म्हणा.


टाइनकाठची

हे अगदी असंच बाई म्हणाल्या होत्या!! चौथ्या शतकात किल्ल्याच्या आतल्या बराकींची रचना बदललेली दिसते म्हणून. मी तेव्हा चिखलात होते त्यामुळं नीट ऐकलं नाही 🙁


मालवणी_मसाला

शंकासुर आणि अर्धं पटलं? स्क्रीनशॉट काढून ठेवते.


घाटमाथा

एक बाळबोध प्रश्न. पुढच्या वर्षी मी युकेला जाणार आहे, डिटेक्टर भाड्यानं घेऊन भिंतीच्या आसपास फिरलं तर चालेल का?


टाइनकाठची

अजिबात नको!! भिंत आणि किल्ले संरक्षित आहेत, परवानगीशिवाय तिथं डिटेक्टर चालवणं गुन्हा आहे. रात्री चोरून जाणारे असतात, त्यांना इकडे नाइटहॉक म्हणतात, त्यांच्यामुळं थर उकरले जातात आणि नाणं हातात राहिलं तरी ते कुठून आलं हेच हरवतं. साध्या शेतात मालकाच्या परवानगीनं चालतं, पण तीनशे वर्षांहून जुनी सोन्या-चांदीची दोन किंवा तांब्याची दहा नाणी एकत्र मिळाली तर १९९६ च्या ट्रेझर कायद्याप्रमाणं कळवावंच लागतं.


गोदाकाठ

आपल्याकडेही कायदा आहे, १८७८ चा, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं जमिनीत मिळालं की कलेक्टरला कळवायचं. दहा रुपये अजून तसेच आहेत 😀 आमच्या एका नातेवाइकाला विहीर खणताना मडकं मिळालं होतं, कळवायच्या आधीच अर्धं गाव नाणी घेऊन गेलं, आणि नंतर जो तो म्हणतो आमच्याकडे नाही. कोव्हेंटिनाच्या विहिरीचं पण तसंच झालं होतं ना?


खुर्दा

हो, क्लेटनची माणसं काम करत असताना लोक येऊन मूठमूठ नाणी पळवून नेत होते असं नमूद आहे. तेरा हजार ही उरलेली.


टाइनकाठची

मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा वर काढतेय. माझ्या नाण्याचं उत्तर आलं.

लॅबमध्ये साफ केलं, आणि ते राजाचं नाहीच. नक्कल निघाली! टेट्रिकसच्या नाण्याची गावठी नक्कल, खुर्दा यांनी सांगितली त्यातली. मुकुट कंगव्यासारखा आहे, नाक नाही, आणि कडेनं अक्षरं आहेत ती अक्षरंच नाहीत, नुसत्या उभ्या रेघा, पाडणाऱ्याला वाचता येत नव्हतं, बघून बघून काढल्या असणार. मागं काय आहे तेही सांगता येत नाही, बहुतेक एक बाई उभी आहे. मला आधी वाईट वाटलं, खोटं निघालं म्हणून.


खुर्दा

वाईट काय त्यात, खरं असतं तर २७१ ते २७४ मधलं कुठलंही, आणि नंतर कितीही वर्षं फिरलेलं. नकला साधारण त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांतल्या, आणि ऑरेलियननंतरचं नवं नाणं आल्यावर त्या फार काळ टिकल्या नाहीत. म्हणजे तुमची खोटी खऱ्यापेक्षा जास्त नेमकी तारीख सांगते. कुठल्या थरात होती? वस्तीचा शेवटचा थर की वरची पडझड?


टाइनकाठची

पडझडीच्या खाली. छपराच्या दगडी फरशा कोसळलेल्या होत्या, त्यांच्याखाली जमीन, आणि जमिनीवर हे.


शंकासुर

म्हणजे ते पडलं तेव्हा वर छप्पर होतं. घरात कुणीतरी होतं आणि हातातून हे निसटलं, आणि वाकून उचललं नाही. बरं. उरलेलं अर्धंही पटलं, पण मालवणी ताईंनी स्क्रीनशॉट काढू नये.


मालवणी_मसाला

काढला 😁


टाइनकाठची

पुढच्या जूनची नोंदणी उघडली की लगेच भरते, जागा फार पटकन जातात. त्याच घराच्या मागच्या बाजूला अजून फरशा दिसत होत्या, तिथंच मागून घेणार आहे. आणि हो, @घाटमाथा, डिटेक्टरऐवजी गुडघ्याखाली घ्यायला जाड उशी आणि दोन जोड वॉटरप्रूफ पँट घेऊन या, तिथं जूनमध्येही सलग चार दिवस पाऊस लागतो.